चिकणमातीची बरणी

बाटली उघडली. घोटभर ग्लासात ओतली, ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं आणि ओढलं.

काहीच नाही. पाणी हुंगल्यासारखं.

परत ओढलं. शिंक आली. मग अजून दोन.

"घे," मागून मार्शल मामा म्हणाला. तो खुर्च्या मांडत होता. "स्प्रिंग आला आणि तुझं नाक गेलं. दर वर्षाचंच आहे. गोळी घेतलीस का?"

"सकाळीच घेतली. स्प्रे पण मारला."

"मग?"

"मग काय. मामा, मला वासच येत नाहीये."

"वाफ घे. किटली आहे ना इथं?"

"वाफ घेऊन तासाभरात नाक उघडतं का कुणाचं?"

दोन वाजता माणसं येणार होती.

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या ह्या वाइन बारमध्ये मी आधी ग्लास धुवायचो, मग टेबलं बघायला लागलो, मग बाटल्या. शिकवलं कोणी नाही. लायब्ररीतली पुस्तकं, यूट्यूब, आणि गिऱ्हाइकांनी सोडलेल्या बाटल्यांच्या तळाशी जे उरेल ते. आज पहिल्यांदाच नाओमीने, म्हणजे मालकिणीने, आख्खं टेस्टिंग माझ्यावर सोपवलं होतं. फ्रान्समधली एकच इस्टेट. द्राक्ष एकच, वर्ष एकच, बनवणारा माणूस पण एकच. फक्त जमिनीचे चार तुकडे आणि चारही तुकड्यांची माती वेगळी. वाळू, खडी, चिकणमाती, चुनखडी. चार रेड, प्रत्येकाच्या दोन बाटल्या. येणारे सगळे आसपासचे रेस्टॉरंटवाले. आवडली तर पेट्याच्या पेट्या घेणारे.

"हे नीट पार पाड, डीन," नाओमी म्हणाली होती, "मग सोमवारी बसून तुझ्या स्पॉन्सरशिपचं बघू."

माझा व्हिसा डिसेंबरला संपतो. आणि मला वास येत नव्हता.

ज्यांना हे माहीत नसतं ते म्हणतात, मग काय झालं, ओतायचीच तर आहे. पण कधीकधी बाटलीचं बूचच खराब असतं आणि त्याचा दोष वाइनमध्ये उतरतो. दिसायला अगदी चांगल्या बाटलीसारखी. फक्त वासावर पकडता येते. अशी बाटली फ्रान्सची म्हणून लोकांसमोर ओतली की संपलं. ती इस्टेट पण संपली आणि ओतणारा पण. म्हणून आधी प्रत्येक बाटली उघडून हुंगायची. मदतीला येणारी मिताली तापाने घरी. नाओमी ब्रेड आणि चीज आणायला गेलेली. बारमध्ये मी आणि मामा, दोघंच.

मी मामाकडे बघितलं.

विचारलं नाही. शपथ सांगतो, विचारलं नाही. पण बघितलं.

मामाने हातातली खुर्ची खाली ठेवली. "नुसता वासच घ्यायचाय ना?"

मामाचं सांगायला पाहिजे.

मार्शल मामा हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. चादरी, गाऊन, टॉवेल. वसईहून आला तेव्हापासून तेच. डॅप्टोला छोटं घर, मागे अंगणात अळू आणि दोन केळी. रविवारी मिस्सा. मिस्साला तो रक्ताचा प्याला धरायचा, म्हणजे लोकांना चर्चची वाइन द्यायचा. इथल्या चर्चमध्ये सगळ्यांना देतात. मोठा मान होता त्याला त्याचा. सूट घालून जायचा.

पण त्यात एक आहे. मिस्सा संपल्यावर प्याल्यात जे उरतं ते ओतून देता येत नाही. ती आता वाइन नसते ना, ख्रिस्ताचं रक्त असतं. ती धरणाऱ्यानेच संपवायची. प्याला धुतलेलं पाणीसुद्धा साध्या सिंकमध्ये टाकत नाहीत. सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीमागच्या खोलीत, त्यासाठी वेगळं सिंक असतं, त्याचा पाइप गटारात जात नाही, थेट जमिनीत जातो. तर मामा उरलेलं संपवायचा. नियमच होता. मग उरायला जास्त लागलं. भरणाराही तोच होता.

मग घरी. मग गाडीत. मग लाँड्रीत एकदा मशीनपाशी बसलेला सापडला. फादर चांगले होते, काही बोलले नाहीत, नुसतं पुढच्या रविवारी प्याल्याच्या जागी दानाची टोपली हातात दिली. मामा सांगतो, त्या टोपलीइतकं जड आयुष्यात काही लागलं नाही.

सोडून सहा-सात वर्षं झाली. थेंब नाही. पण मामा बाहेरून घरी आला की आयव्ही मामी दारात येते. तो पायपुसण्यावर थांबतो आणि तिच्या तोंडासमोर "हाऽ" करून श्वास सोडतो. ती मान हलवते. मग तो बूट काढतो. रोज. कामावरून, वूलीजच्या दुकानातून, चर्चमधूनसुद्धा. मी युनिव्हर्सिटीसाठी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा बघून हसलो होतो. मला वाटलं नवरा-बायकोचा काहीतरी जोक आहे. कोणी हसलं नाही.

आज मामीने त्याला सोडलं ते पण अट घालून. "खुर्च्या उचल. टेबलं उचल. बाटल्या नाही." आणि मला, "डिन्या, तुझ्या भरवशावर पाठवतेय."

तर असं.

"नुसता वास," मी म्हणालो. "ग्लास मीच धरतो."

"धर."

मी ओतायचो आणि ग्लास समोर धरायचो. मामा फक्त वाकायचा. हात मागे बांधलेले, शाळेत प्रार्थनेला पोरं उभी राहतात तसे. डोळे मिटायचा. मला त्याच्या टकलावरचा घाम दिसायचा.

"वाळूची," मी म्हणालो.

"चांगली आहे."

ओतली सिंकमध्ये. लगेच. पाणी सोडलं.

"वाळूची दुसरी."

"चांगली. जांभळासारखी आहे थोडी."

"मामा, वर्णन नको. चांगली की वाईट तेवढंच."

"बरं बाबा. तुझं नाक बंद, माझं तोंड बंद."

चुनखडीच्या दोन्ही चांगल्या. खडीची पहिली चांगली. खडीच्या दुसऱ्यावर मामा वाकला आणि तसाच मागे झाला.

"ई. ओलं गोणपाट."

"काय?"

"ओलं गोणपाट. पावसात राहिलेलं. कोपऱ्यात कुजलेलं. हे नको देऊस कुणाला."

पुस्तकात अगदी हेच लिहिलेलं असतं, फक्त इंग्लिशमध्ये. मी ती बाटली बाजूला पायाजवळ ठेवली. हीच मी ओतली असती. फ्रँकीसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात, नाओमीच्या समोर.

चिकणमातीची पहिली चांगली. दुसरी ओतताना मागच्या दारावर थाप पडली. हात हलला आणि ग्लास जवळजवळ अर्धा भरला. "डीन! दार उघड, हात भरलेत!" नाओमी ओरडत होती. तिला मामा ग्लासात नाक घालून दिसला असता तर काय सांगणार होतो मी? ग्लास काउंटरवर तसाच ठेवला आणि पळालो.

ब्रेड आत घेतला, चीज घेतलं, द्राक्षं घेतली. नाओमीचं पार्किंग, ट्रॅफिक, कुणीतरी हॉर्न वाजवला, सगळं ऐकून घेतलं. परत आलो.

ग्लास रिकामा होता.

तळाला लाल पातळसा थर फक्त. मामा पाठमोरा उभा राहून बाकीचे ग्लास पुसत होता.

"कसा होता शेवटचा?"

"चांगला."

"वास?"

"म्हटलं ना, चांगला आहे."

वळला नाही. गालात काहीतरी होतं. लवंग. मामी सांगायची, त्या दिवसांत त्याच्या प्रत्येक खिशात लवंगा सापडायच्या.

सिंक माझ्या डाव्या हाताला होतं. मी बघितलं. कोरडं. कडेला एक थेंब नाही.

नाओमी आत आली. "बरण्या कुठायत?"

बरण्यांची आयडिया तिची. चार वाइन, चार माती, समोर ठेवायच्या. फ्रान्सची माती तर ऑस्ट्रेलियात आणता येत नाही, एअरपोर्टवर बुटाला लागलेली पण धुवायला लावतात. म्हणून मामाने इथलीच जमवली. वाळू पोरांच्या सँडपिटसाठी मिळते त्यातली, खडी ड्राइव्हवेवरची, चुना बागकामाच्या पिशवीतला, चिकणमाती स्वतःच्या अळवाखालची. लोणच्याच्या बरण्या मामीच्या. नाओमीने पुढे कार्ड लावलं की ही इस्टेटची माती नाही, तशा जातीची आहे. मी बरण्या उचलून मांडल्या. डोकं त्या रिकाम्या ग्लासात अडकलेलं, त्यात कुठली जड कुठली हलकी काय कळणार.

दोन वाजता सगळे आले.

मी बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. पाठ होतं म्हणून निघालं. वाळूवरची हलकी, लवकर प्यायची. खडीवरची ताठ. चुनखडीवरची लांब, आंबट, थांबायला लावणारी. चिकणमातीवरची जाड, काळी, हळूहळू उघडणारी. स्वतः तोंडात घ्यायचो आणि बादलीत थुंकायचो, नुसतं आंबट-तुरट लागायचं, आणि डोळे मामाकडे.

तो बादल्या फिरवत होता. टेस्टिंगला कोणी पीत बसत नाही. एक घोट, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, ग्लासात उरलेलं पण बादलीत. मामा पहिल्यांदाच बघत होता. भरलेली बादली आत घेऊन येताना माझ्याजवळ थांबला.

"डिन्या, एवढी ओतून देतात?"

"हो."

"चांगली असून?"

"हो, मामा."

"आणि कोणी काही बोलत नाही?"

"नाही."

"वा," तो म्हणाला. बादलीकडे बघत उभा राहिला. मग गेला. चालताना डचमळून बाहीवर सांडलं. सरळ चालत होता का? मला सरळ वाटला. मग नाही वाटला. मग कोणाशी तरी बोलताना जोरात हसला आणि मामा असा जोरात हसत नाही. डोळे लाल होते. माझे पण लालच होते, स्प्रिंगच्या अॅलर्जीने. पण त्याला ती अॅलर्जी नाही.

मामीचा मेसेज आला. "सगळं ठीक?" मी अंगठा पाठवला.

चिकणमातीची ओतताना फ्रँकीने ती बरणी उचलली. फ्रँकीचं शेलहार्बरला रेस्टॉरंट आहे, दाढी छातीपर्यंत. झाकण काढून हुंगली, ग्लास हुंगला, परत बरणी हुंगली.

"मेट," तो म्हणाला, "शपथ सांगतो, ह्या मातीला वाइनचा वास येतोय."

सगळे हसले. बरणी हातोहात फिरली. एक बाई म्हणाली हो, मला पण येतोय. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नाओमीचा चेहरा असा उजळला की बस. मला वाटलं, माणसांना सांगितलं की येतो वास. बरणी माझ्याकडे आली, मी हुंगली, अर्थात काहीच नाही. मी पण हसलो. मामा मागच्या दाराशी रिकामी बादली घेऊन उभा होता. तो हसत नव्हता.

फ्रँकीने चिकणमातीची सगळ्यात जास्त घेतली.

शेवटी टेबलं उरकताना नाओमी आली. एका हातात बाटली, दुसऱ्यात भरलेला ग्लास. ग्लास सरळ मामासमोर. "मार्शल, हा तुझा. कमावलायस."

मी मध्ये काही बोलायच्या आत मामा म्हणाला, "नो वरीज, नाओमी. आय अॅम ड्रायव्हिंग."

किती सहज म्हणाला. पूर्वी पण असाच सहज म्हणायचा, मामी सांगते. म्हणायचा आणि मग गाडीत.

"सोमवारी सकाळी ये," नाओमी मला म्हणाली. "पासपोर्ट घेऊन ये."

ज्यासाठी एवढं केलं ते झालं होतं. मी थँक यू म्हणालो. आनंद वगैरे काही झाला नाही.

मागच्या गल्लीत गाडी होती. मामाने बरण्यांचा क्रेट डिकीत ठेवला आणि खिशातून चावी काढली.

"मामा, ट्रेनने जाऊया ना."

"का?"

"असंच. गाडी उद्या नेऊ."

"खुर्च्या उचलून पाठ मोडली माझी, आणि स्टेशनपर्यंत चालत?"

"मग मी चालवतो. चावी दे."

"तू? दिवसभर तोंडात घेऊन बसलायस तू."

"थुंकलो ना मी."

"हो. तू थुंकलास." मग तो थांबला. चावी हातात तशीच. माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. "तुला वाटतंय मी घेतली."

मी त्याच्या हातातल्या चावीकडे बघत राहिलो.

"विचार ना मग. तोंडात काय बोळा कोंबलाय?"

"तो शेवटचा ग्लास, मामा. अर्धा भरलेला होता. मी आलो तेव्हा रिकामा."

"हं."

"आणि लवंग खात होतास."

"हं."

"आणि सिंक कोरडं होतं."

मामाने मान हलवली, हिशेब बरोबर आहे म्हणतात तशी. मग डिकी परत उघडली. क्रेटमधून चिकणमातीची बरणी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"हुंग."

"मामा, मला वास..."

"हां. तुला नाक नाही आज." झाकण फिरवून काढलं. "बोट घाल मग."

वरची माती सुकत आली होती. त्याखाली गार. मग ओलं. मग चिखल. बोट बाहेर काढलं तर नखापासून मागपर्यंत जांभळं.

गल्लीत कोणी नव्हतं. वर एक एसी घरघरत होता.

"सिंक होतं ना तिथं," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. "चार पावलांवर तर होतं."

"हो ना," मामा म्हणाला. "चार पावलं." त्याने झाकण लावलं, घट्ट, परत घट्ट. "तेवढा वेळ हातात नसता राहिला तो. बरणी हाताशी होती."

मी गाडीत बसलो. तो चालवत होता. डॅप्टोपर्यंत काचा खाली. वारा नुसता आत.

"आणि लवंग?" मी मध्येच विचारलं.

"दाढेखाली धरली की बाकी वास मरतो. तेव्हा दुसऱ्यांच्या नाकासाठी खायचो. आज माझ्यासाठी."

"सॉरी, मामा."

"सॉरी कशाला? तुझ्या जागी मी असतो तर मी पण चावी मागितली असती." सिग्नलला थांबलो. तो समोर बघत म्हणाला, "पण एक सांगतो. परत मला हुंगायला लावू नकोस."

"नाही लावणार."

"आज जमलं." सिग्नल हिरवा झाला तरी जरा वेळ गाडी हलली नाही. "आज जमलं, बस."

घर आलं. मामी दारातच होती. गाडीचा आवाज ओळखते ती. मी क्रेट घेऊन मागे. मामा पायपुसण्यावर जाऊन उभा राहिला. बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत जांभळा डाग. मला वास येत नव्हता, पण मामीला दोन हातांवरूनच आला असणार. तिचा चेहरा एकदम लहान झाला.

मामाने "हाऽ" केलं.

ती पुढे झाली. हुंगलं.

"परत," ती म्हणाली.

मामाने परत श्वास सोडला. सावकाश, पूर्ण.

"मामी, मी होतो तिथं, सगळं मी सांगतो, त्याने..."

"तू गप रे." माझ्याकडे बघितलं पण नाही. "परत, मार्शल."

तिसऱ्यांदा. डोळे मिटून, हात मागे बांधून. दुपारी ग्लाससमोर उभा होता अगदी तसा. मामीने त्याची हनुवटी धरली, जवळ ओढली, आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. मग तिच्या खांद्यातला ताण सुटलेला मला मागून दिसला.

"शर्ट काढ इथंच," ती म्हणाली. "गार पाण्यात टाकते. गरम लागलं तर डाग पक्का बसेल."

"ते मला सांगतेस?" लाँड्रीवाला म्हणाला आणि बटणं काढायला लागला. ती शर्ट घेऊन आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मग "चहा ठेवतेय" असा पण आवाज आला.

मामा बनियनवर उभा. माझ्या हातातल्या क्रेटमधून त्याने ती बरणी उचलली आणि घराच्या कडेने मागे गेला. मी बघत राहिलो. अळवाच्या मुळाशी बसला. बरणी उपडी केली, तळाला हाताने थापटून सगळी माती काढली. हाताने सारखी केली. वर पाय दिला, हळूच. बरणी बाहेरच्या नळाखाली धरली, धुतलेलं पाणी पण तिथंच, अळवात ओतलं. दोनदा धुतली. उजेडासमोर धरून बघितली.

मग पुढच्या दाराशी परत आला. पायपुसण्यावर थांबला. दारात आता कोणी नव्हतं. आत कपबशा वाजत होत्या.

त्याने श्वास सोडला. मग बूट काढले.